टोपण वेगळं येत नाही

तर टोपण. रुपयाच्या नाण्याएवढं, काळं, प्लास्टिकचं. व्हॅक्यूम क्लिनरच्या तोंडात जो ब्रशचा रोलर फिरतो ना, तो एका बाजूने निसटू नये म्हणून लावलेलं. रोलरमध्ये केस गुंडाळले होते (माझे नाहीत, माझ्याकडे आता गुंडाळण्याइतके राहिलेच नाहीत), ते काढायला टोपण फिरवलं आणि त्याचा एक दात टक्कन तुटला. बस, एवढंच झालं. मशीन ४२,९०० ची, वॉरंटी एक वर्षाची, ईएमआय दीड वर्षाचा आणि टोपण तुटलं सोळाव्या महिन्यात. म्हणजे हप्ते माझे चालू अन् जबाबदारी त्यांची संपलेली.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला, दुपारचे बारा वाजलेले, डोक्याला दुपट्टा बांधून, स्कूटरवर पायाशी मशीन उभं करून आमच्या नागपुरात मनीषनगरहून धंतोलीत सर्व्हिस सेंटरला पोचलो. काउंटरवरच्या पोराने टोपण दोन बोटांत धरून असं पाहिलं जसं मी त्याच्यासमोर मेलेलं झुरळ ठेवलं.

"सर, हे वेगळं येत नाही. पूर्ण क्लिनर हेड असेंब्ली घ्यावी लागेल."

"किती?"

तो कॉम्प्युटरमध्ये शोधत होता तेवढ्यात माझ्या मागच्या खुर्चीतून आवाज आला, "अकरा हजार चारशे."

"अकरा हजार चारशे, सर," पोरगा म्हणाला.

मी वळून पाहिलं. पांढरा पायजमा, गळ्यात दुपट्टा, मांडीवर पेपर, खुर्चीखाली पाण्याची बाटली, हातात टोकन नंबर ४३. सत्तरीतले काकाजी. काउंटरवर तेव्हा बासष्ट नंबर चालू होता.

"तुमचा नंबर गेला वाटते काकाजी," मी म्हटलं.

"जाऊ द्या जी. मले कुठं घाई हाय. बसा."

बसलो. बसण्यासारखंच होतं, एसी अगदी बरोबर डोक्यावर.

"हेडमध्ये छोटी मोटर राहते," काकाजी समजावून सांगू लागले, "म्हणून महाग."

"पण माझी मोटर चांगली आहे ना! फक्त टोपण गेलंय."

"तेच तं. चांगल्या मोटरसकट फेकायचं, चांगल्या मोटरसकट घ्यायचं. बाशिंगाची दोरी तुटली तं अख्खी वरात नवीन आणा म्हणून राहिले ते."

तेवढ्यात एक पोरगा तसंच मशीन खांद्यावर गदेसारखं टाकून आत आला. काकाजींनी माझ्या मांडीला हलकेच कोपर मारलं. "बॅटरी हाय. पाहा. नऊ हजार आठशे."

बॅटरीच होती. नऊ हजार आठशेच होते. पोराचा चेहरा आमच्या डोळ्यांसमोर उतरला आणि खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं. माणूस वाईट असतो.

"आता त्या बॅटरीत काय राहते सांगू का?" काकाजी जवळ सरकले. आयुष्य वीज मंडळात गेलेलं, त्यामुळे हा विषय म्हणजे त्यांना तर्री-पोह्याची प्लेट. "सात सेल राहतात. १८६५० म्हणतात त्याले. १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, नावातच माप. एकेक सेल ३.६ व्होल्टचा, सात एकापाठोपाठ जोडले का २५.२ व्होल्ट झाले. बाजारात एक सेल, चांगल्यातला चांगला धरा, तीनशे. सात त्रिक?"

"एकवीसशे," मी शाळेतल्यासारखा म्हणालो.

"अन् घेऊन राहिले नऊ हजार आठशे. वरचे सात हजार सातशे कशाचे? डब्याचे?"

"मग बाहेरून सेलच बदलून घ्यायचे ना."

"आत सर्किट राहते जी, राखणदार. कधी कधी सेल नवीन टाकले तरी तो राखणदार चालूच नाही होऊ देत. म्हणते, हे घरचे नाही." मग पेपरची घडी घालत, "सासूच समजा."

हे ऐकताना मला आमचा कूलर आठवत होता. पत्र्याचा, वडिलांच्या वेळचा, बनवणारा कोण होता ते आता कोणालाही आठवत नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये पंप जळतो. सीताबर्डीत जायचं, तीनशेचा पंप घ्यायचा, ताट्या नवीन, पाइप नवीन, नळीला भोकं आपण पाडायची, फिट. दुकानदार कधी विचारत नाही की साहेब तुमचा कूलर कोण्या मॉडेलचा, सिरियल नंबर सांगा. कुकरचंही तेच, रिंग वेगळी मिळते, शिट्टी वेगळी मिळते. भांड्यांच्या दुकानातल्या माणसाने मला आजपर्यंत सांगितलं नाही की शिट्टी वेगळी येत नाही, पूर्ण कुकर असेंब्ली घ्यावी लागेल.

आणि हे मशीन निघालं कशातून? १९०७ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या कँटनला जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक माणूस दुकानात झाडलोट करायचा, त्याला दमा, धुळीने जीव नकोसा झालेला. म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचं अभ्रं असं जुळवून हे यंत्र केलं. अभ्रं फाटलं असेल तर त्याने काय केलं असेल? दुसऱ्या उशीचं काढलं असेल. त्याला कोणी म्हणालं नसेल की अभ्रं वेगळं येत नाही, पूर्ण गादी घ्या.

असो. काउंटरवरच्या पोराने पुन्हा बोलावलं. चेहऱ्यावर आता दया होती. "सर, त्यापेक्षा एक्स्चेंज करून घ्या ना. नवीन मॉडेलवर या मशीनचे चार हजार लावून देतो."

इथे माझं डोकं सटकलं. म्हणजे मशीनचं नुसतं तोंड अकरा हजार चारशेचं, आणि तोंडासकट अख्खं मशीन चार हजारांचं? मी म्हटलं, मग चार हजारात मला असं एक जुनं मशीन द्या, मी त्याचं टोपण काढून घेतो. तो म्हणाला, सर आम्ही जुनं विकत नाही. मग तुम्ही त्याचं करता काय? "सर, ते कंपनी पॉलिसी आहे." मागून काकाजींनी हा "कंपनी पॉलिसी" शब्द त्याच्यासोबत एका सुरात म्हटला.

शेवटी मी म्हटलं ठेवा तुमचं हेड, मी निघतो. तर, "सर, इन्स्पेक्शन चार्ज." कशाचा? तर टोपण तुटलंय हे त्याने पाहिलं त्याचा. मीच त्याला दाखवलं होतं! पाचशे अधिक अठरा टक्के जीएसटी, ५९०. वाद घातला, मागे लाइन लागली, एक बाई म्हणाल्या अहो भाऊ द्या ना लवकर. दिले.

रात्री दीडपर्यंत झोप नाही, मोबाईल घेऊन वाचत बसलो. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करून मिळण्याच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू केलं. तिकडे युरोपात तर फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असा नियम लागू होणार. वाचून छाती थोडी फुगली, टोपण तुटलेलंच होतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण कापून, फेविक्विक लावून बसवून पाहिलं. अडीच मिनिटं चाललं, मग सोफ्याखाली उडालं आणि ते शोधायला मला खराटा आणावा लागला. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालातून मारबत, म्हणजे गावची सगळी पीडा घेऊन जाणारा पुतळा, निघेल तेव्हा मी रस्त्याच्या कडेला ते हेड घेऊन उभा राहणार आहे, घेऊन जा गे मारबत.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. पैसे भरून मशीन उचलताना मी काकाजींना विचारलं, तुमचं काय बिघडलंय?

"काहीच नाही. मागच्या साली मिक्सरचं झाकण घेऊन आलो होतो. वेगळं येत नाही म्हणे. ५९० घेतले." त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. "एसीचे तासाचे पाच रुपये धरले मी. म्हणजे ११८ तास. आजचा धरून ७१ झाले, ४७ राहिले. दिवाळीपर्यंत फिटते."

मी हसलो तेव्हा. जोरात हसलो.

परवा दुपारी घरी लाइट गेली. सहज स्कूटर काढली. काकाजींनी काही न विचारता शेजारच्या खुर्चीवरचा पेपर उचलला. माझे ११८ पैकी चार झाले आहेत. काल एक मुलगी कापडी पिशवीतून काहीतरी काळं, गोल काढत काउंटरकडे गेली आणि पोराने तोंड उघडायच्या आत मी म्हणून गेलो, "टोपण का? वेगळं येत नाही."