मांडीवरचं मूल आणि 'लोखंडी' गाड्यांचं कौतुक

काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेलं ते फॉरवर्ड वाचून माझी बहीण पोराला मांडीवर घेऊन, पुढच्या सीटवर बसून पुण्याहून कोल्हापूरला जायचं म्हणतेय. म्हणून हे लिहिणं आलं. मेसेजमधले दावे असे: जुन्या गाड्या दणकट, आताच्या चेपतात, म्हणजे कंपन्या फसवतात, जड गाडी घेतली की चिंता नाही, आणि आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, बेल्टबिल्ट ही सगळी परदेशी थेरं.

आधी मांडीचंच घेते. मूल 10 किलोचं, गाडी ताशी 50 किमी, म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. वस्तुमान गुणिले वेग, संवेग झाला 140. भिंतीवर आदळल्यावर तो शून्यावर यायला साधारण 0.1 सेकंद मिळतो. भागाकार करा: 1400 न्यूटन. म्हणजे त्या क्षणी आईने हातांवर सुमारे 140 किलो वजन तोलायचं, तेही बेसावध असताना. कुणाच्या मनगटात आहे एवढा जोर? तिने बेल्ट लावला असेल तर ती जागेवर, पोर डॅशबोर्डवर. नसेल लावला तर तिचं 60 किलोचं शरीरही त्याच वेगाने पुढे जाणार, आणि मधे मूल! राहता राहिली परदेशी थेरं. 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर 1000 रुपये दंड, हे आपल्याच मोटार वाहन कायद्याचं कलम 194बी सांगतं.

जड गाडीचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर एकूण संवेग तेवढाच राहतो, त्यामुळे जड गाडीच्या वेगात कमी बदल होतो, हलकीच्या वेगात जास्त. पण पुलाचा कठडा काही हलत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींची मर्सिडीज अशाच कठड्यावर आदळली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. ते दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले.

आता दणकटपणा. अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी'ने 2009 मध्ये 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मलिबू, दोन्ही ताशी 64 किमीने, एकमेकींवर धडकवल्या. बेल एअरची केबिनच कोसळली. आत माणूस असता तर वाचला नसता. मलिबूत माणसाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याच्या पायावर निभावलं. व्हिडिओ यूट्यूबवर आहे, काकांनी बघावा. बॉनेट चेपतं तेव्हा थांबायला जास्त वेळ मिळतो, म्हणून आतल्यांवरचा जोर कमी होतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, तेच. आणि ही 'फसवणूक' नवी नाही. मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांची ती कल्पना, आणि तिच्यावर बांधलेली गाडी 1959 मध्येच बाजारात आली होती.