शिक्षकांच्या संपाने जवानाचा पगार कापला जात नाही

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा एक मेसेज फिरत होता. आता कुठूनही संपाची हाक आली की तोच पुन्हा उगवतो. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, आणि टाकला तो मामांनी. मामा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्याच ग्रुपवर माझी ताई आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, १४ ते २० मार्चपर्यंतचे सगळे दिवस संपात असलेली. तिने मेसेज वाचला, फोन उपडा ठेवला आणि काही न बोलता वह्या तपासायला घेतल्या. मला मात्र गप्प बसवेना.

मजकूर थोडक्यात असा. सीमेवरचा जवान बर्फात उभा असतो, तो कधी संप करत नाही. त्याला पेन्शनसुद्धा नाही, आणि एसीत बसणाऱ्यांना मात्र जुनी पेन्शन हवी. संपापुढे नमून सरकार यांना जे देतं, ते जवानाच्या ताटातून काढून देतं. संप बेकायदा आहे, तेव्हा सगळ्यांना घरी पाठवा.

आधी ताटाचं बघू, कारण सगळ्यात विखारी वाक्य तेच आहे. ताईचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो. जवानाचा पगार केंद्राच्या संरक्षण खात्याच्या तरतुदीतून. संरक्षण हा विषयच मुळात राज्याकडे नाही. उद्या राज्याने सगळ्यांना जुनी पेन्शन दिली तर राज्याच्या तिजोरीवर ताण येईल, हे मला मान्य आहे. रस्त्यांना, दवाखान्यांना पैसा कमी पडेल असं कोणी म्हणालं तर मी बसून ऐकेन, तो वाद खरा आहे. पण सियाचिनवरच्या जवानाच्या पगारपत्रकात त्याने एका रुपयाचा फरक पडत नाही. पडूच शकत नाही.

जवानाचा पगार केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशींवरून ठरतो. सातव्या आयोगाप्रमाणे १ जानेवारी २०१६ पासून शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे. हा पैसा फक्त सैन्यदलांसाठी आहे, सरकारी कचेरीतल्या कारकुनाला तो मिळत नाही. जवानाचा सियाचिन भत्ता महिना १४,००० होता, तो ३०,००० झाला. ज्याला वाटतं की हे कमी आहे, त्याने जरूर तसं म्हणावं. मलाही कमीच वाटतं. पण मग बोट आयोगाकडे आणि केंद्र सरकारकडे दाखवायला हवं, खडू हातात घेतलेल्या बाईकडे नाही.

आणि एक गोष्ट या मेसेजवाल्यांना ठाऊकच नसते. महागाई भत्त्याचा दर केंद्रीय कारकुनाला आणि जवानाला एकच असतो. तो वाढला की दोघांचाही वाढतो. या भत्त्यासाठी आणि किमान वेतनासाठी केंद्रीय कर्मचाऱ्यांनी जुलै १९६० मध्ये संप केला होता. तो मोडून काढला गेला, मागणी मात्र मागे पडली नाही. आपल्याकडे राज्य कर्मचाऱ्यांचा १९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणूनच होता. कर्मचारी संघटना आजही सरकारशी वाटाघाटींना बसतात. जवानाला संघटना नाही, त्याची त्या टेबलावर खुर्ची नाही. दुसऱ्याने भांडून वाढवून घेतलेला दर त्याच्याही पगारात येतो. मग त्याच्या ताटातून कोण काय काढतंय?

आता जवान संप करत नाही, याचं. करत नाही कारण त्याला करताच येत नाही. राज्यघटनेच्या कलम ३३ ने संसदेला सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार दिला आहे, आणि लष्कर कायदा, १९५० च्या कलम २१ प्रमाणे कामगार संघटनेचं सभासद होण्यावरही निर्बंध आहेत. असायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कायद्याने ज्याचं तोंड बांधलेलं आहे त्याचं गप्प राहणं म्हणजे समाधान, असं धरून चालायचं आणि तेच माप इतरांना लावायचं, हे मला जवानाचा अपमान वाटतो.

वर्दी उतरल्यावर काय झालं तेही आठवा. जून २०१५ पासून माजी सैनिक वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे हुद्दा आणि सेवा सारखी तर पेन्शनही सारखी यासाठी, जंतरमंतरवर बसले. साखळी उपोषण केलं. १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्यांना तिथून हटवायचा प्रयत्न केला. ५ सप्टेंबरला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू झाली. मामांच्या पासबुकात त्या थकबाकीचे हप्ते आहेत. मी पाहिलेत, पासबुक भरून आणायला मीच बँकेत गेलो होतो. ज्या रस्त्यावर बसण्याने तो पैसा मिळाला, त्याच रस्त्यावर ताई बसली तर ती देशाची वैरी कशी होते?

पेन्शनचा मुद्दा. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, आणि तेच मला जास्त टोचलं.

वित्त मंत्रालयाची २२ डिसेंबर २००३ ची अधिसूचना काढून वाचा. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांना नवी पेन्शन योजना सक्तीची, पहिल्या टप्प्यात सशस्त्र दलं वगळून. म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दलातल्या नियमित भरतीच्या जवानाला जुनी, निश्चित पेन्शन आहे. पंधरा वर्षं सेवा झाली की तो तिला पात्र होतो. त्याला पेन्शनच नाही, हे सरळ खोटं आहे.

पण सीमा सुरक्षा दलाचं काय? प्रत्यक्ष सीमेवर पहारा देतात ते हेच लोक, आणि २००४ नंतर भरती झालेल्या बीएसएफ, सीआरपीएफच्या जवानांना याच अधिसूचनेखाली नव्या योजनेत घातलं गेलं. मामांचा मुलगा बीएसएफमध्ये आहे. गेल्या दिवाळीत त्याने मला मोबाइलवर पगारपत्रक दाखवलं होतं, कपातीच्या रकान्यात बोट ठेवून. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचे दहा टक्के दरमहा. शेवटी हातात नक्की किती येणार हे त्याला आज कोणी सांगू शकत नाही. ताईच्या पगारपत्रकातही तसाच रकाना आहे, कारण राज्याने १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना हेच केलं. म्हणजे भावंडांची तक्रार एकच आहे. ताईला ती बोलता येते, त्याला येत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२३ ला हीच अधिसूचना समोर ठेवून सांगितलं की बीएसएफ, सीआरपीएफसारखी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं हीसुद्धा संघराज्याची सशस्त्र दलंच आहेत, म्हणून त्यांना जुनीच पेन्शन लागू होते. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकालाला स्थगिती मिळाली. जवानाच्या पेन्शनविरुद्ध न्यायालयात कोण उभं राहिलं हे मेसेजमध्ये नाही. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही, पुढे कायम होणार जास्तीत जास्त पंचवीस टक्के. तो निर्णय कुठल्या संपामुळे झाला?

संप बेकायदा, याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटलंय की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही. मला तो निकाल पटत नाही, पण आहे तो आहे. संघटना करण्याचा हक्क मात्र घटनेत आहे. आणि ‘सगळ्यांना घरी पाठवा’ हे तमिळनाडूने करून पाहिलं, संपावरच्या कर्मचाऱ्यांना काढून टाकलं, पण त्यातल्या बहुतेकांना परत घ्यावं लागलं. मार्चच्या संपाने परीक्षेच्या दिवसांत मुलांचं नुकसान झालं हेही खरं, ताईलाही ते लागलं होतं.

एसीबद्दल काय बोलायचं? ताईच्या वर्गात एक पंखा आहे.

काल मामांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “दिल्लीच्या त्या निकालाची तारीख परत सांग, लिहून घेतो. पोराला पाठवायचीय.”