पंचवटीकर, फ्लॅट बहिणीच्या नावावर का केला नाही?

पंचवटीकर, नमस्कार.

मुलाला वसतिगृहात ठेवल्याबद्दलच्या माझ्या गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवली, ती उठून आत गेली, म्हणून राग आणखी वाढला. मुलगी फोनवर म्हणाली, ‘काढून टाका ना बाबा.’ तिसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, नको. तुम्ही प्रश्न विचारले आहेत, शिव्या दिलेल्या नाहीत. आणि हेच प्रश्न माझे चुलतभाऊ, साडू, शेजारी माझ्या पाठीमागे विचारतात.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आई-बाप धडधाकट असताना चौतीस वर्षांच्या मतिमंद मुलाला वसतिगृहात ठेवणं म्हणजे त्याला टाकून देणं. सख्खी बहीण असताना मृत्युपत्र, ट्रस्ट, विश्वस्त हा घोळ घालणं म्हणजे रक्ताच्या नात्यावर अविश्वास. फ्लॅट तिच्या नावावर करा, विषय संपला. तुमच्या वाड्यात तुमचा चुलतभाऊ असाच होता, त्याला सगळ्यांनी मिळून सांभाळलं, कागद कुणी मागितला नाही. आणि हे सगळे पेन्शनवाल्यांचे चोचले आहेत, हातावर पोट असणाऱ्यानं काय करायचं?

शेवटचा मुद्दा बरोबर आहे तुमचा. त्याच्याकडे शेवटीच येतो, कारण तिथे माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

आधी वाडा. मीही वाड्यातच वाढलो, रविवार कारंजाजवळ. आमच्याही वाड्यात एक होता. त्याला सगळे ‘राजे’ म्हणायचे. गणपतीत त्याला नाचवायचे, कुणाच्याही ओट्यावर बसला की चहा मिळायचा. आम्हा पोरांना वाटायचं, राजे आमच्या सगळ्यांचे आहेत. पण त्याला फिट आल्यावर तोंडाचा फेस पुसायला धावायची ती त्याची आई. ती गेल्यावर थोरली वहिनी. त्या वहिनीला कुणीही विचारलं नव्हतं. म्हणून तुम्हाला एकच विचारतो, टोमणा समजू नका: तुमच्या चुलतभावाला आंघोळ कोण घालायचं? ‘सगळ्यांनी सांभाळला’ असं सांगणारे बहुतेक पुरुष असतात, मीही त्यातलाच.

शिवाय तेव्हा अशी बरीच मुलं आई-बापांच्या आधी जायची. आता औषधं चांगली आहेत, तपासण्या वेळेवर होतात, मुलं पन्नाशी-साठी बघतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण तिच्यामुळे जो प्रश्न आमच्या आज्यांना क्वचित पडला तो आम्हा प्रत्येकाला पडतो. पालकांच्या बैठकीत कुठूनही बोलणं सुरू झालं तरी ते तिथेच येऊन थांबतं: आमच्यानंतर कोण?

आम्हाला त्याचं उत्तर शोधायला लावलं कोरोनातल्या एप्रिल २०२१ने. नाशिककराला तो महिना वेगळा सांगायला नको. बायको ऑक्सिजनवर, मी घरातच एका खोलीत बंद, मुलगी पुण्यात अडकलेली. बाळ बाहेरच्या खोलीत. (घरात सगळे त्याला बाळच म्हणतात, चौतिसाव्या वर्षीही.) शेजारच्या वहिनी दारात डबा ठेवून जायच्या. दोन दिवस त्यानं खाल्लं नाही. वरण वेगळ्या वाटीत, भातावर नाही, आणि ताटातली पोळी चतकोर-चतकोर तोडून ठेवायची, हे फक्त त्याच्या आईला माहीत होतं. मला माहीत नव्हतं हो. तीस वर्षं एका घरात राहून मला, बापाला, माहीत नव्हतं. दाराच्या फटीतून मी त्याला ‘खा रे बाळा’ म्हणत होतो आणि तो आईची चप्पल मांडीवर घेऊन बसला होता.

बायको घरी आली, बरी झाली. पण त्या दोन दिवसांनी आमचं एक ठरलं. आमच्याशिवाय जगायची सवय त्याला आमच्या डोळ्यांदेखत लागली पाहिजे. आम्ही गेल्यावर त्याच आठवड्यात आई गेली, घर गेलं, खोली बदलली, जेवण बदललं, असं सगळं एकदम त्याच्यावर कोसळलं तर तो ते कुणाला सांगणार? म्हणून वसतिगृह. आधी महिन्यातून दोन रात्री, मग आठवड्यातून तीन, असं करत दीड वर्ष घालवलं. आता तो पाच रात्री तिथे असतो. त्याच्या कार्यशाळेत दिवाळीच्या पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या करतात. पहिल्या महिन्यात रोज रडायचा, आम्हीही रडायचो, हे मी गेल्या लेखात लिहिलं नव्हतं. ते लिहायला हवं होतं. तो लेख जरा फारच शहाण्यासारखा झाला होता.

आता कागद. पंचवटीकर, तुमचा आणि माझा खरा मतभेद इथेच आहे.

घरात तो बाळ असला तरी अठरा पूर्ण झाले त्या दिवशी कायद्यानं तो सज्ञान झाला. त्या दिवसापासून मी त्याचा बाप आहे, पण त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार मला आपोआप राहिलेला नाही. हे आम्हाला बरंच उशिरा कळलं. माझ्या आईनं जाताना थोडी ठेव नातवाच्या नावावर ठेवली होती. ती मोडायला एका बँकेत गेलो. साहेबांनी बाळापुढे फॉर्म ठेवला. त्यानं मोठ्या कौतुकानं, पानभर, आपलं नाव काढलं. साहेब म्हणाले, ही सही नाही. मग मी करतो, म्हटलं. तुम्ही कोण? मी बाप. त्याचा कागद आणा.

तो कागद १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा चार गटांसाठी तो कायदा आहे. (‘मतिमंद’ शब्द आता सरकारदरबारी मागे पडतोय, बौद्धिक अक्षमता म्हणतात. आम्ही पालक आपापसात अजून जुनाच वापरतो, त्याबद्दल माफी.) जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, अशी स्थानिक स्तरीय समिती असते. ती अर्ज तपासून कायदेशीर पालक नेमते. वकील लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पालक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब द्यायचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अपमान वाटला. पोटच्या पोराच्या पैशाचा हिशोब मी सरकारला द्यायचा? पण हाच हिशोब माझ्यानंतर येणाऱ्यालाही द्यावा लागेल, आणि त्यानं गडबड केली तर समिती त्याला काढू शकेल, हे लक्षात आल्यावर मी गुपचूप वही घातली.

हे पालकत्व वारशानं पुढे जात नाही. आम्ही दोघं गेल्यावर जो कुणी उभा राहील त्याला नव्यानं अर्ज करावा लागेल. म्हणून आमच्या कागदांच्या फाइलीवर पहिल्याच पानावर ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

आता फ्लॅटचं बघू. समजा मी काहीच केलं नाही. मग मी गेल्यावर बायको, मुलगा, मुलगी यांचे सारखे वाटे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात स्पष्ट आहे की आजार किंवा व्यंग आहे म्हणून कुणाचा वारसा जात नाही. छान. पण बाळ हक्कसोडपत्रावर सही करू शकत नाही, विक्रीखतावरही नाही. घर अडकून पडायची भीती.

समजा तुम्ही म्हणता तसं बक्षीसपत्र करून फ्लॅट मुलीला दिला. माझी मुलगी सोन्यासारखी आहे, तिच्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण फ्लॅट तिचा झाला की तो तिच्या नशिबाला बांधला गेला. उद्या तिला काही झालं तर तो तिच्या नवऱ्याला आणि मुलांना जाईल. जावयानं धंद्यासाठी कर्ज काढलं आणि घर तारण ठेवलं तर? तेव्हा बाळाला त्या घरात राहायचा हक्क कुठल्या कागदावर असेल? माया होती, एवढंच सांगता येईल. नॉमिनी केलं की झालं, असंही काही जण म्हणतात. नॉमिनी हा सांभाळणारा असतो, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं.

म्हणून मृत्युपत्रातून ट्रस्ट. आमच्या दोघांच्या पश्चात फ्लॅट आणि ठेवी तीन विश्वस्तांकडे: मुलगी, माझा भाचा आणि बाळाच्याच शाळेतल्या एका मुलाचे वडील, जे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. उत्पन्न बाळावर खर्च करायचं, कमी पडलं तर मुद्दलातून काढायचं. ही तुम्ही म्हणता तशी ‘टॅक्सची पळवाट’ नाही. मला जी काय सवलत मिळते ती जुन्या करप्रणालीतली अपंग आश्रिताची, वर्षाला ७५,००० रुपयांची वजावट. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. तिला ट्रस्ट लागत नाही.

बाळानंतर उरेल ते मुलीला. आणि याच कारणासाठी ती एकटी विश्वस्त नाही. ही अट माझी नव्हे, तिची. सोमेश्वरला फिरायला गेलो होतो तेव्हा म्हणाली, ‘बाबा, त्याला नवा डॉक्टर दाखवायचा की नाही, हे मी एकटीनं ठरवलं तर दर वेळी माझंच मन मला विचारेल, यात तुझं किती उरतं? ते नको मला.’ मी तिला आधी वेडी म्हणालो. रात्री झोप लागली नाही.

पंचवटीकर, याला अविश्वास म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. माझ्या डोळ्यांपुढे ती आमच्या वाड्यातली वहिनी होती. तिला कुणी विचारलं नाही, तिच्या हातात काही दिलं नाही, आणि ती थकली तेव्हा तिची जागा घ्यायलाही कुणी नव्हतं.

कागदांपेक्षा जास्त वेळ गेला तो एका शंभर पानी वहीवर. बायको सांगते, मी लिहितो. फिटच्या गोळीची वेळ. वरणाची वाटी. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवतो, तेव्हा हसायचं नाही. ‘टपटप’ म्हणाला की पाऊस नव्हे, नळ गळतोय. पोट दुखलं तर सांगत नाही, पण भिंतीला कपाळ लावून उभा राहतो. ती वही कुठल्याही समितीला नको आहे, पण माझ्या मते फ्लॅटपेक्षा महाग आहे. चाळिसावं पान चालू आहे.

आता हातावर पोट असणाऱ्याचं. त्यातलं बरंचसं फुकटात किंवा थोडक्यात होतं, ते सांगतो: दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र; कायदेशीर पालकत्व; निरामय विमा, ज्यात नाममात्र शुल्कात एक लाखापर्यंतचा उपचारखर्च मिळतो; संजय गांधी निराधार योजना. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. सरकारी नोकरीत कुणी असेल तर मुलाचं प्रमाणपत्र आपल्या हयातीतच खात्यात नोंदवून ठेवा. आई-बापांनंतर अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकतं. मी मेरीत (नाशिकच्या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) कारकुनी करताना इतरांच्या सेवापुस्तकात शेकडो नोंदी केल्या आणि माझ्या मुलाची करायला निवृत्तीचं वर्ष उजाडलं.

पण मुक्कामाची सोय? तिथे मी गप्प बसतो. वसतिगृहाची फी माझ्या पेन्शनमधून जाते. सातपूरच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या बापाला ती झेपणार नाही. चांगल्या संस्था कमी, जागा त्याहून कमी, आणि प्रौढांसाठी तर फारच कमी. आपल्या नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी ही मतिमंद मुलांची शाळा सुरू केली ती स्वतः अशा मुलाची आई म्हणून. बदलापूरचं ‘आधार’ हे मतिमंद प्रौढांचं निवासी केंद्रही पालकांनीच एकत्र येऊन उभं केलं. म्हणजे जिथे काही उभं राहिलं तिथे बहुतेक ठिकाणी आई-बापच राबलेत. रोजंदारीवरच्या माणसानं त्यासाठी वेळ कुठून आणायचा, हे मला सांगता येत नाही. गेल्या लेखात मी ‘प्रत्येक पालकानं हे केलंच पाहिजे’ असं ठोकून दिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

एक राहिलं. ‘त्याला विचारलं का?’ असं तुम्ही एका ओळीत, बहुधा चिडून, लिहिलंय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मर्यादित पालकत्व म्हणजे त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, तिच्याबरोबर मिळून घेतलेला निर्णय, असंच म्हटलं आहे. सुरुवातीला नव्हतं विचारलं. त्याला काय कळणार, असं मीच धरून चाललो होतो. चौथ्या का पाचव्या मुक्कामाच्या वेळी बायकोनं त्याची पिशवी भरता भरता सहज विचारलं, ‘जायचं ना रे?’ तो म्हणाला, ‘बुधवार नाही.’ आम्हाला कळेना. मग उजेड पडला. बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, बाजार असतो. लहानपणापासून तो माझा हात धरून तिथे जातो, भाजीवाल्या मावश्या त्याच्या हातावर एक गाजर ठेवतात आणि ते तो घरी येईपर्यंत खात नाही.

तेव्हापासून मंगळवारी दुपारी त्याला आणतो आणि गुरुवारी सकाळी सोडतो. वसतिगृहाच्या बाई कुरकुरल्या, मग तयार झाल्या. आज मंगळवार आहे, अडीच वाजलेत, रिक्षा खाली उभी आहे. तुमच्या चुलतभावाबद्दल मात्र जरूर लिहा, मी वाट बघतो.