बाटल्या, कुंडली आणि बिननावाचा ब्लँक

आधी आभार. टोपणनावाने का होईना, मासेमारीचे जुने रॉड नव्याने बांधण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी लांब प्रतिक्रिया लिहिलीत. बाकीच्यांसाठी सांगतो: ज्या ब्लँकवरचा (रिंगा-मूठ नसलेल्या रॉडच्या नुसत्या काठीवरचा) छापील मजकूर उडालाय, त्याचा जोर घरच्या घरी कसा अजमावायचा हे मी लिहिलं होतं. त्यावर या गृहस्थांचं पहिलंच वाक्य असं: "पाण्याच्या बाटल्या टांगून काठीची ताकद कळत असेल, तर कुंडली मांडून जिताडाही लागेल." पुढे आणखी तीन मुद्दे आहेत, त्यांच्याकडे येतो. पण आधी ही कुंडली.

बाटली मी हौस म्हणून टांगत नाही. इंग्लंडात रिचर्ड वॉकर नावाचा कार्पवाला होऊन गेला. 1952 साली रेडमायर तळ्यातून 44 पौंडांचा कार्प काढणारा तोच. त्या मंडळींचा 'टेस्ट कर्व्ह' म्हणजे काय, तर टिपेला, म्हणजे बारीक टोकाला, किती ओढ दिली की टीप बुडाशी, म्हणजे जाड टोकाशी, काटकोन करते. जेवढे पौंड, तेवढा ब्लँकचा टेस्ट कर्व्ह. त्यावरून ढोबळ हिशोब: त्याच्या पाचपट पौंडांची लाइन (गळाची दोरी) आणि पौंडामागे एक औंस शिशाचं वजन. मी फक्त वजनाच्या जागी पाणी घेतलं, कारण एक लिटर म्हणजे एक किलो आणि ते थेंबाथेंबाने वाढवता येतं. बूड खिडकीच्या गजाला बांधलेलं, टिपेला चिकटपट्टीने तात्पुरती रिंग, दोरीला रिकामी बाटली आणि हातात मग. बारीक धार सोडायची आणि थांबून बघायचं. 900 मिलीच्या आसपास काटकोन झाला की ब्लँक 2 पौंडांचा: 10 पौंडांची लाइन, 50-55 ग्रॅम शिसं. यात गुरू कुठे वक्री झाला ते सांगा.

अमेरिकेत डॉ. विल्यम हॅनेमन यांनी तर एक सेंटची नाणी टिपेला टांगून ब्लँक मोजायची पद्धत बसवली. रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश टीप खाली यायला किती नाणी लागली, त्यावरून जोर ठरवायचा. तिथे नाणी चालतात, आमच्याकडे बाटली म्हटलं की लगेच ज्योतिष.

आणि हे मी नेटवर वाचून आलेलो नाही. तेराव्या वर्षापासून रेवदंड्याच्या खाडीवर गरवतोय. आजोबा बांबूची काठी घेताना टोक जमिनीला लावून दाबायचे, ती कुठे वाकते ते डोळे बारीक करून बघायचे आणि "ही नको" म्हणून परत करायचे. त्यांना कुणी ज्योतिषी म्हटलं नाही. गेल्या सोळा वर्षांत मी चाळीसेक रॉड उघडून बांधले, त्यातले निम्मे बिननावाचे. मोडला एकच. कार्बनचा होता, दीड लिटरला सुरेख वाकला होता आणि जेट्टीवरून शिंगाळा उचलताना टिपेपासून हातभरावर कडकन गेला. त्याला आधी कुठेतरी शिशाचा किंवा दगडाचा मार बसलेला असणार. त्यात बाटलीचा काय दोष?

तुमची एक चूक-दुरुस्ती मात्र मान्य. बूड आडवं बांधून वजन टांगलं तर टीप कधीच पुरती काटकोनात येत नाही, बूड वर तिरकं हवं. मी स्वतः 45 अंशांत बांधतो, लिहिताना 'आडवं' लिहून गेलो. लेखात बदल केलाय. हे एवढं एकच वाक्य लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

आता उरलेलं. "ताठपणा वेगळा आणि ताकद वेगळी." बरं, वेगळी. जास्त मॉड्युलसच्या, म्हणजे जास्त ताठ, कार्बनचा ब्लँक पातळ भिंतीचा असतो, वाकताना नळी चपटी होत जाते आणि बसते, काच (फायबरग्लास) त्या मानाने पुष्कळ सोसते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच बुडाची कड घासून मल्टिमीटर लावायला सांगितलं होतं: वीज वाहिली तर कार्बन, नाही तर काच. तडा शोधायला कापसाचा बोळा फिरवून तंतू कुठे अडकतात ते बघायला आणि नाण्याने टकटक करत आवाज कुठे बद्द येतो ते ऐकायलाही सांगितलं होतं. तुमचं वाचन बहुतेक बाटलीपाशीच थांबलं. "मोडल्याशिवाय ताकद कळत नाही" म्हणता. मोडल्यावर कळून करायचं काय, चुलीत घालायचा?

हीट गनने रेझिन जळतं, हा शेवटचा मुद्दा. मी हेअर ड्रायर लिहिलाय आणि रिंगांवरचा जुना इपॉक्सी मऊ झाला की नखाने सोला, ब्लेड लावू नका, असंही लिहिलंय. पुन्हा वाचा.

आत्ता हे लिहिताना खिडकीला एक आठ फुटी ब्लँक बांधलेला आहे. 1200 मिलीला काटकोन झाला, कापूस कुठे अडकला नाही. रविवारी भरतीला त्याच्यावर 12 पौंडांची लाइन लावून जाणार आहे. तुम्ही तुमचे बिननावाचे ब्लँक कसे पारखता, ते मात्र एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही. तेवढं लिहा, नावानिशी लिहिलंत तर आणखी बरं.