ग्राहकाचे म्हणणे असे की

आपली नवीकोरी गाडी पुन्हा बिघडावी, आणि तीही गॅरेजच्या माणसाच्या डोळ्यांदेखत बिघडावी, अशी मनोमन इच्छा धरणारा माणूस पाहायचा असेल तर कॅलिफोर्नियात यावे. सदोष गाडीच्या मालकाच्या पाठीशी येथे साँग-बेव्हर्ली नावाचा 1970 चा कायदा उभा आहे. लोक त्याला लेमन लॉ म्हणतात. वॉरंटीतला दोष वाजवी प्रयत्नांत दूर करता आला नाही, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी किंवा परत घेऊन पैसे मोजावेत, असे तो सांगतो. वाजवी म्हणजे किती, यावर वाद होणार हे ओळखून 1982 च्या टॅनर कायद्याने आकडेही ठरवून टाकले. 18 महिने किंवा 18,000 मैल, यांपैकी जे आधी भरेल त्या मुदतीत तोच दोष 4 वेळा दुरुस्तीला आला, जिवावर बेतणारा असेल तर 2 वेळा आला, किंवा गाडी सगळे मिळून 30 दिवसांहून अधिक गॅरेजात पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असे गृहीत धरले जाते. वाचताना हे सगळे फार सोपे वाटते.

आमच्या गाडीचा दोष असा होता की फ्रीमॉन्टहून सॅन होजेकडे निघाल्यावर, 880 महामार्गाला मिळणाऱ्या चढावर, म्हणजे जेथे पाय दाबून वेग घ्यावाच लागतो नेमक्या तेथे, समोरचा पडदा काळा होई, एक पिवळा दिवा लागे आणि गाडीतला सगळा जोर निघून जाई. मागून ट्रक येत असे. या महामार्गावर मागून नेहमी ट्रकच येत असतो. कडेला घेऊन, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ती काही घडलेच नाही अशा थाटात घरापर्यंत येई. शाळा तपासणीच्या दिवशी वर्गातली वांड पोरे हाताची घडी घालून बसतात, तशी ती सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून आत शिरताच सज्जन होई.

तेथील कारभार रिपेअर ऑर्डर नावाच्या कागदावर चालतो. त्यावर तक्रार, कारण आणि उपाय असे तीन भाग असतात, आणि तक्रारीचे प्रत्येक वाक्य ‘कस्टमर स्टेट्स’ या शब्दांनी सुरू होते. ग्राहकाचे म्हणणे असे की चढावर गाडीचा जोर जातो. ग्राहकाचे म्हणणे असे की पडदा काळा होतो. ही भाषा वाचून ग्राहकाला स्वतःविषयीच शंका येऊ लागते. खाली कारणाच्या जागी ‘कुड नॉट डुप्लिकेट’, म्हणजे दोष आमच्याकडे काही प्रकट झाला नाही, आणि उपायाच्या जागी अर्थातच काही नाही. सौभाग्यवतींनी शेजारच्या सीटवरून मोबाइलवर केलेले चित्रण मी सर्व्हिस ॲडव्हायझरला दाखवले. त्या भल्या गृहस्थाने ते मान तिरकी करून दोनदा पाहिले आणि कागदावर भर घातली: ग्राहकाने काळ्या पडद्याचे चित्रण दाखवले.

कोल्हापूरच्या मामांना फोनवर ही कहाणी सांगितली, तेव्हा त्यांनी तिकडूनच निदान केले. ‘गाडी अजून बसायची आहे रे, हजारभर किलोमीटर जाऊ दे.’ भारतात यासाठी वेगळा कायदा नाही, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे दाद मागावी लागते, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे गाडी परत घेणारी कंपनी ही कल्पनाच त्यांना पटेना. घेतलेली वस्तू परत करणे त्यांना थोडे अप्रतिष्ठेचेही वाटले असावे.

दावा जिंकला तर आपली फी कंपनीकडून वसूल होते, असे सांगणाऱ्या एक वकीलबाई मला भेटल्या, आणि ते वाक्य माझ्या मध्यमवर्गीय कानांना फार गोड लागले. गाडीला काय होते हे त्यांनी ओझरतेच ऐकले. गाडी आत कोणत्या तारखेला गेली, बाहेर कधी आली, तेव्हा मैल किती होते, एवढ्यातच त्यांना रस होता. दुरुस्ती झाली नाही तरी कागद घेतल्याशिवाय हलू नका, अशी त्यांनी ताकीद दिली. त्यामुळे ‘साहेब, आम्ही काहीच केले नाही, मग कागद कशाचा देऊ?’ असे ॲडव्हायझर विचारी, आणि काहीच न केल्याचा लेखी पुरावा मिळावा म्हणून मी त्याच्या टेबलापाशी ठाण मांडून बसे.

अखेर संगणकात साठलेल्या कसल्याशा कोडवरून एक भाग बदलायचे ठरले, आणि तो भाग कारखान्यातच शिल्लक नव्हता. माझे नशीब येथे फळफळले. गाडी गॅरेजात, मी त्यांनी दिलेल्या बदली गाडीत, आणि 30 चा आकडा आपोआप जवळ येत चाललेला. ‘आजही झाली नाही हो,’ असे ॲडव्हायझर खालच्या आवाजात सांगे, तेव्हा मी त्याचे सांत्वन करी, घाई नको, काम नीट होऊ द्या, असे म्हणे आणि फोन ठेवून कॅलेंडरवर फुली मारी. इतका समजूतदार ग्राहक आपण पाहिला नाही, असे तो एकदा म्हणालाही. दोष शेवटपर्यंत कोणाला दिसला नाही. दावा उभा राहिला तो त्या फुल्यांवर.

कंपनी गाडी परत घेण्यास तयार झाली, पण पैसे देताना वापराची वजावट केली. हिशेब असा, की दोषासाठी गाडी पहिल्यांदा दाखवली तेव्हाचे मैल भागिले 1,20,000, गुणिले किंमत. 40,000 डॉलरची गाडी 1,500 मैलांवर दाखवली असेल तर 500 डॉलर कापले जातात. पहिल्या बिघाडापूर्वीचे जे मैल सुखाचे गेले, त्यांचेच हे भाडे. हे आधी कळले असते तर शोरूमच्या दारातच ती बिघडली असती तरी मला वाईट वाटले नसते. परत घेतलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर लेमन लॉ बायबॅक असा शिक्का बसतो, डाव्या दाराच्या चौकटीवर तशी पट्टी चिकटवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्या दोषापुरती वर्षाची वॉरंटी द्यावी लागते.

गाडी ताब्यात घ्यायला आलेला कंपनीचा प्रतिनिधी हातात अर्ज घेऊन तिच्याभोवती फिरला. मागच्या बंपरवरचा ओरखडा त्याने बोट फिरवून पाहिला आणि लिहून घेतला. मैलांच्या आकड्यासाठी त्याने गाडी सुरू केली. पडदा काळा झाला. पिवळा दिवा लागला. ‘हे असे नेहमी होते का?’ त्याने चमकून विचारले. हे कृपया लिहून घ्या, अशी मी त्याला कळकळीची विनंती केली. त्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि त्यासाठी रकानाच नाही असे सांगून मैलांचा आकडा मला तोंडी विचारला.