अर्थ न बघता शब्द कसा वापरावा

नवा शब्द सापडला? अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा, त्याचा अर्थ बघू नका. अर्थ कळला की माणूस कचरतो आणि तयार वाक्य तोंडातच राहतं. मोल्सवर्थनं आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857च्या आवृत्तीत जवळपास 60,000 शब्द अर्थासकट भरून ठेवले, पुढे दाते-कर्वे मंडळींनी 1932 ते 1938 या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड काढले. हे सगळं कपाटात फार शोभून दिसतं. तिथून हलवू नका.

अर्थ नादावरून ताडावा. 'अनभिज्ञ' म्हणून बघा, जिभेवर कसं पांडित्य चढतं! तेव्हा व्यासपीठावरून खुशाल ठणकावा, "या विषयाबाबत मी गेली कित्येक वर्षं अनभिज्ञ आहे." (वाक्य चुकून खरं निघालं, तर त्याला इलाज नाही.) तुमची ओळख करून देणाऱ्यानं आधीच तुम्हाला 'तथाकथित विचारवंत' म्हटलेलं असेल, तर फिटंफाट झाली.

'अपरोक्ष' मात्र खास तुमच्यासाठी राखून ठेवलेला शब्द आहे. परोक्ष म्हणजे नजरेआड, म्हणून अपरोक्ष म्हणजे डोळ्यांदेखत. वेदान्तातलं अपरोक्ष ज्ञान तेच, थेट स्वतःला झालेलं. पण आपण 'माझ्या अपरोक्ष माझी निंदा केली' असं इतक्या एकमतानं म्हणत आलो आहोत, की आता बरोबर वापरणाराच अडाणी ठरतो. बहुमताच्या बाजूनं राहा. निंदा पाठीमागे झाली की तोंडावर, हे ऐकणारा संदर्भावरून समजून घेईल. नाही घेतलं, तर भांडण एकाऐवजी दोघांशी होईल, एवढंच.

काही शब्दांनी जन्माच्या गाठी बांधून घेतल्या आहेत. 'धादांत' बिचारा खोट्याचाच संसार करतो. 'अठराविश्वे' दारिद्र्याचा उंबरा ओलांडत नाही. त्यांना मोकळं करा. धादांत खरं बोला, अठराविश्वे श्रीमंतीत लोळा. बदल मुळापासून शेंड्यापर्यंत झाला तरच आमूलाग्र, असा एक कर्मठ समज आहे. तुम्ही सभेत 'थोडासा आमूलाग्र बदल' सुचवा. कोणाचंच काही बिघडणार नसल्यामुळे ठराव एकमतानं मंजूर होतो, हा फायदा वेगळाच.

शुद्धलेखनाची चिंता नको. ऊहापोहातला ऊ ऱ्हस्व की दीर्घ, यावर अडणारा माणूस ऊहापोहापर्यंत पोचतच नाही.

क्वचित एखादा चिकट श्रोता कार्यक्रमानंतर गाठतो आणि अर्थ विचारतो. गडबडू नका. किंचित हसा आणि म्हणा, "मी तो लाक्षणिक अर्थानं वापरला." लक्षणा म्हणजे नेमकं काय, हे त्यालाही धड आठवत नसतं, तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द, त्याच अर्थानं, आपल्या भाषणात घालतो.