नायिकेला ‘आल्या’ कधी म्हणणार?

पेशवाईतल्या, एकोणिसाव्या शतकातल्या प्रेमकथा मी आवडीने वाचते. अलीकडे त्यांतल्या नायिका बदलल्यात. घोड्यावर बसतात, चोरून का होईना लिहायला शिकतात, नवऱ्याला जाब विचारतात. फार बरं वाटतं. पण निवेदनाची भाषा आहे तिथेच आहे आणि ते मला मनापासून खटकतं.

साधा प्रसंग घ्या. ‘श्रीमंत दिवाणखान्यात आले, लोडाला टेकून बसले. ती दाराआड उभी होती.’ ते आले, ती उभी. बरं, बाई राजघराण्यातली असेल तर दरबारात ‘राणीसाहेब आल्या’ असं लिहितातच की! त्याच रात्री शयनगृहात मात्र ‘ती आली’, आणि महाराज तिथेही ‘आले’च. प्रेमात पडल्यावर मान एकटीचाच का जातो? दोघांनाही एकेरी करा ना. ‘तो आला, ती आली.’ जवळीक उलट वाढेल.

तिच्या पराक्रमाचं कौतुक काय, तर ‘पुरुषालाही लाजवेल अशी तलवार चालवली’. आणि सगळ्यात वाईट तो ‘लटका नकार’. ती नको म्हणते, तो हसून हात धरतो, ती लाजून चूर होते, प्रकरण संपतं. आदल्याच प्रकरणात भर सदरेवर जाब विचारणाऱ्या बाईचं ‘नको’ इथे कुणीच ऐकत नाही. लिहिणारीसुद्धा नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अहो, काळच तसा होता.’ मला हे अजिबात पटत नाही. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला रखमाबाईंनी साफ नकार दिला. १८८४ मध्ये त्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा असं फर्मावलं, तेव्हा त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. यात लटकं काय होतं? ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना फैलावर घेतलं होतं. आणि लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात. भांडणं, रुसवे, ताटातूट, जीव लावणं, सगळं त्या एका नावाने सांगतात. प्रेम कुठे कमी पडलं?

संवादांत ‘इकडून येणं झालं’, ‘स्वारी’ खुशाल ठेवा. कितीतरी बायका तशा बोलत होत्या, ते पुसलं तर कथा खोटी होईल. पण निवेदक आजचा आहे. त्याला काही सासू-सासऱ्यांसमोर वावरायचं नाहीये.

नायक-नायिकेला सारखाच मान देणारी, तिचं ‘नको’ म्हणजे नकोच असणारी ऐतिहासिक प्रेमकथा कुणी वाचली असेल, लिहिली असेल, तर नाव नक्की सांगा. मला वाचायचीय.